मधला माणूस गेला, अशी अफवा आहे

इंटरनेट आलं तेव्हा एक मोठं आश्वासन मिळालं होतं. बनवणारा तिकडे, घेणारा इकडे, मधे कोणी नाही. दुकान नाही, गोदाम नाही, ट्रक नाही. दलाल तर नाहीच नाही.

कॉम्प्युटर गेमसाठी हे आश्वासन अगदी मापाचं होतं. गेम नासत नाही, सडत नाही, उंदीर खात नाही. तारेतून निघाला की थेट लाखांदुरात.

थेट? थांबा जरा.

लाखांदूर म्हणजे भंडारा जिल्ह्याचं दक्षिण टोक. धानाचा तालुका. रेल्वे पकडायची तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जायचं. पण गेमच्या दुनियेत अंतर संपलंय म्हणतात. लॉस एंजेलिसच्या पोराला ज्या मिनिटाला नवा गेम ‘उपलब्ध’ होतो, त्याच मिनिटाला लाखांदूरच्या पोरालाही होतो.

‘उपलब्ध’ आणि ‘मिळाला’ यांतला फरक रेशन कार्डवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

हिशेब करू. आजचा मोठा गेम सहज 100 जीबीचा. ‘बाल्डर्स गेट 3’ तर 150 जीबी जागा मागतो. पोराच्या मोबाइलचा पॅक रोजचा दीड जीबीचा. रील न बघता, कोणाला व्हिडिओ कॉल न करता, सगळाच्या सगळा डेटा हॉटस्पॉट लावून गेमला वाहिला तर 100 जीबी उतरायला 67 दिवस.

रोवणी आटोपून डाउनलोड लावा. धान निसवायला लागेल तेव्हा गेम उघडेल.

आता पुढचा विनोद. कॉम्प्युटर गेम विकणारं जगातलं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे ‘स्टीम’. त्याचा पैसे परत देण्याचा नियम मोठा दिलदार. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत सांगा आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असू द्या, कारण न विचारता पैसे परत. लाखांदूरचं पोरगं 67 व्या दिवशी गेम उघडतं. नाही आवडला. मुदत कधी संपली? 53 दिवसांपूर्वी.

नियम सगळ्यांना सारखा आहे. नेट सारखं नाही, एवढंच.

खिडकीत मोबाइल ठेवलेला, कारण रेंज तिथेच येते. शेजारी जुना लॅपटॉप, पंखा घरघरतोय. पडद्यावर हिरवी पट्टी. बाप विचारतो, “का करून रायला रे?” पोरगं म्हणतं, “गेम उतरून रायला, बाबा.” “कवापासून?” “परवापासून.” तेवढ्यात लाइन जाते. बाप सुटकेचा श्वास टाकतो. पोरगं महावितरणला चार शब्द ऐकवतं.

फायबर आलंय की, असं कोणी तरी म्हणेल. आलंय ना! ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. आधी नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क, मग भारतनेट. नाव झटकन बदललं. नाव बदलायला केबल लागत नाही.

ज्याच्या घरी खासगी फायबरची जोडणी आहे, त्याचं काम साडेचार तासांचं. 50 एमबीपीएसवर 100 जीबी एका दुपारी उतरतात. एकाच गावात एकाला दुपार, दुसऱ्याला 67 दिवस. अंतर संपलं नाही. ते गावाबाहेरून गल्लीत आलं.

बरं, हे थेट पोहोचवण्याचं प्रकरण नवं आहे का? मुळीच नाही. 10 डिसेंबर 1993. टेक्सासच्या आयडी सॉफ्टवेअरने ‘डूम’ हा गेम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. पहिला भाग फुकट, पुढचे हवेत तर पैसे धाडा. गर्दी एवढी उसळली की सर्व्हरने मान टाकली.

तेव्हा आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेटच नव्हतं. विदेश संचार निगमने ते 15 ऑगस्ट 1995 ला आणलं, तेही मोठ्या शहरांत. बाकीच्यांनी स्वातंत्र्यदिनाचा झेंडा पाहिला.

पुढे 2003. मे महिन्यात ‘जीटीए व्हाइस सिटी’ कॉम्प्युटरवर आला आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम सुरू केलं. तिकडे इंटरनेटवरून गेम पोहोचवायचं दार उघडलं. इकडे सायबर कॅफेत कॉपी केलेल्या सीडीने संसार थाटला.

पुढे पेनड्राइव्ह आला. मग काय विचारता! कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या बाकावरून जे वितरण झालं, ते आजवर कोणत्या सर्व्हरला जमलंय? खर्च शून्य, वेग भन्नाट, सोबत दोन-चार व्हायरस मोफत.

यावर नाक मुरडणारे पुष्कळ. चोरी म्हणजे चोरी. कबूल. पण जरा भाव पाहा. नवा मोठा गेम आज भारतात चार हजारांच्या पुढे जातो. साध्या धानाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे एका गेमला पावणेदोन क्विंटल धान. तेही खरेदी केंद्रावर काटा झाला आणि चुकारा वेळेवर आला तर.

उपदेश मात्र फुकट घरपोच.

गंमत अशी की व्हॉल्व्हचे मालक गेब न्यूएल यांनीच 2011 मध्ये सांगितलं होतं की पायरसी हा मुख्यतः किमतीचा प्रश्न नाही, सेवेचा आहे. चांगली सेवा द्या, लोक पैसे देतील. रशियासारख्या बाजारात त्यांनी ते करूनही दाखवलं. स्टीमवर आज रुपयांत भाव दिसतो, यूपीआयने पैसे देता येतात, सेलमध्ये तीन हजारांचा गेम तीनशेला मिळतो.

आणि 2023 मध्ये त्यांनी आणखी एक सोय केली. एका घरातल्या एका कॉम्प्युटरवर गेम असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो नेटऐवजी आपसातच घ्या. डेटा वाचवा. जगभर कौतुक झालं.

लाखांदूरच्या पोरांनी फक्त खांदे उडवले. पेनड्राइव्ह काय वेगळं करत होता?

फुकटचाही मार्ग आहे. स्टीमला टक्कर द्यायला डिसेंबर 2018 मध्ये ‘एपिक’चं दुकान आलं, ते गेम फुकटच वाटत सुटलं. मे 2020 मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, ‘जीटीए 5’ फुकट वाटला आणि जगाने एकदम झडप घातल्याने दुकानच कोसळलं. तेव्हापासून फुकट गेम गोळा करणारी एक जमातच तयार झाली. खात्यात तीनशे गेम. खेळलेले चार.

फुकट गेमला डेटा विकतचाच लागतो, हे जाहिरातीत नसतं.

आता मुद्द्यावर येऊ. मधला माणूस गेला म्हणाले होते ना? मग हे 30 टक्के कोणाचे?

स्टीमवर गेम विकला की शंभरातले 30 रुपये दुकानाचे. दुकान पुस्तकाचं नाही, भाजीचं नाही, त्याला भाडं नाही, हमाली नाही, तरी 30. बरीच ओरड झाल्यावर 2018 मध्ये व्हॉल्व्हने दर खाली आणला. कोणासाठी? ज्याच्या गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर जाईल त्याला वरच्या विक्रीवर 25 टक्के, पाच कोटी डॉलरच्या वर जाईल त्याला त्यावरच्या विक्रीवर 20 टक्के.

थोडक्यात, ज्याला सवलतीची गरज नाही त्यालाच सवलत. ही पद्धत आपल्या ओळखीची आहे.

शिवाय दारावरचं तिकीट वेगळं. स्टीमवर गेम ठेवायचा तर आधी 100 डॉलर भरा. साडेआठ हजार रुपयांच्या वर. परत मिळतात का? मिळतात. आधी एक हजार डॉलरची विक्री करून दाखवा. नाही झाली तर? नाही झाली तर नाही.

दुकान काहीच करत नाही असं म्हणायचं नाही. सर्व्हर त्यांचे, पैशांचा व्यवहार त्यांचा, सुधारित आवृत्त्या जगभर पोचवणं त्यांचं. लाइन गेली तर डाउनलोड जिथे थांबला तिथून सुरू होतो, हेही त्यांचंच. कामाचे पैसे घ्यावेत. प्रश्न कामाचा नाहीच.

प्रश्न बुडण्याचा आहे.

वितरण म्हणजे काय, हे लाखांदूरला शिकवायला व्हॉल्व्हच्या गावाहून, अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून, कोणी यायची गरज नाही. शेजारच्या वडशात झाडीपट्टी नाटक कंपन्यांचे फलक लागलेले असतात. दिवाळी सरते, मंडया भरतात, आणि कंपन्या गावोगाव निघतात. नट, पडदे, पेटी, तबला, दिवे, सगळं गाडीत. रात्रभर नाटक, पहाटे पुढचं गाव. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

इथेही मधला माणूस आहे बरं का. गावातलं मंडळ.

मंडळ कंपनीशी रक्कम ठरवतं. मंडप टाकतं, भोंगा फिरवतं, तिकीट विकतं. गर्दी लोटली तर नफा मंडळाचा. अवकाळी पाऊस आला किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक लागलं, तर तोटाही मंडळाचाच. ठरलेली रक्कम कंपनीला द्यायचीच असते.

म्हणजे मधला माणूस कमावतो, कारण तो बुडूही शकतो. स्टीमवर गेम आपटला तर स्टीमचं काय बुडतं?

बुडतो तो बनवणारा. आणि तो फार लांब नसतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ बनवला. असुरांशी लढणारी, हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, भिंतींवर पुराणकथा, राजस्थानी धाटणीचे महाल. 2017 मध्ये लोकवर्गणीसाठी किकस्टार्टरवर हात पसरला. रक्कम जमली नाही. गेम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकला.

2020 मध्ये गेम आला. ऑगस्टमध्ये निंटेंडोच्या स्विचवर, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम गेमसाठी नामांकन मिळालं. आपण सगळ्यांनी अभिमान बाळगला.

अभिमानावर टक्केवारी लागत नाही. म्हणून तो आपण सढळ हाताने वाटतो.

आणि हा तर चाललेला गेम. न चाललेल्यांची गोष्ट कोण लिहिणार? 2024 या एका वर्षात स्टीमवर जवळपास 19 हजार नवे गेम आले. दिवसाला पन्नासच्या वर. पूर्वी बनवणाऱ्याची तक्रार होती की दुकानदार माल ठेवून घेत नाही. आता दुकानदार सगळ्यांचा माल ठेवून घेतो.

ठेवून घेतो आणि विसरून जातो. मांडणीवर समोर कोण, मागे कोण, हे दुकानाचा अल्गोरिदम ठरवतो. त्याला चहा पाजता येत नाही, त्याच्या मामाची ओळखही निघत नाही.

घेणाऱ्याचं तरी बरं आहे का? पैसे दिले, गेम माझा. असं तुम्हाला वाटतं. ऑक्टोबर 2024 पासून स्टीमवर पैसे भरण्याआधी एक ओळ दिसते: तुम्ही विकत घेताय तो गेम नव्हे, गेमचा परवाना. हा प्रामाणिकपणाचा झटका आपसूक आला नव्हता. ‘विकत घ्या’ लिहून गुपचूप परवाना देऊ नका, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला होता, तो 1 जानेवारी 2025 पासून लागू व्हायचा होता.

वीस वर्षं काय घेत होतो, हे एकविसाव्या वर्षी कळलं.

परवाना म्हणजे काय, हे युबीसॉफ्टने दाखवून दिलं. ‘द क्रू’ हा 2014 चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. 31 मार्च 2024 ला कंपनीने सर्व्हर बंद केले. गेम एकट्याने खेळायचा म्हटलं तरी चालेना. पुढे लोकांच्या खात्यांतून परवानाच काढून घेतला. पैसे दिलेले. पावती आहे. गेम नाही.

युरोपात यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ नावाची मोहीम उभी राहिली आणि 2025 मध्ये सह्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. आपल्याकडे? आपल्याकडे सही करायला लिंक उघडावी लागते, आणि आजचा डेटा संपलाय.

स्टीमचं खातं वारसाला देता येत नाही, हेही जाता जाता ऐकून ठेवा. मृत्युपत्रात लिहिलं तरी चालत नाही. बापाने वीस वर्षं जमवलेले गेम बापाबरोबरच जातात. भाऊबंदकीला वाव नसलेली ही भारतातली बहुधा एकमेव मालमत्ता.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये ‘जीओजी’ हे दुकान काढलं, तिथे निराळा रिवाज आहे. गेमला कुलूप नाही. इन्स्टॉलर उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, नेट नसतानाही चालवा. उद्या दुकान बंद पडलं तरी तुमची प्रत तुमच्याकडे.

म्हणजे सभ्य माणसांनीही शेवटी पेनड्राइव्हच काढला.

भाषेचं बोलू का? स्टीमचं ॲप फिनिशमध्ये आहे, डॅनिशमध्ये आहे, नॉर्वेजियन, थाई, व्हिएतनामीत आहे. फिनिश बोलणारे पन्नास-पंचावन्न लाख. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख. स्टीमवर मराठी नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला.

अभिजात झाली. इन्स्टॉल झाली नाही.

दोष बेलव्ह्यूचा? पुण्यात बनलेली राजीही आधी इंग्रजी बोलली, पुढे सुधारित आवृत्तीत हिंदी. मराठीत बोलली असती तर कोणी विकत घेतलं असतं, हा प्रश्न विचारून बघा. समोरचा लगेच मराठी शाळा, मराठी पाट्या आणि मराठी माणूस यांवर बोलायला लागतो. इंग्रजीत.

आता सरकार. त्याशिवाय सदर पूर्ण होतं का?

लाखांदूरच्या चौकात कोणत्याही बापाला सांगून बघा की पोरगं ऑनलाइन गेम घेतंय. बाप कपाळाला हात लावतो. त्याच्या डोळ्यांपुढे रमी येते, बुडालेले पैसे येतात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा बापाला वाटलं, चला, सगळंच बंद झालं. पोराचा गेम मात्र चालूच. आता बापाला कोण समजावणार?

मंत्र्यांनी समजावलं असतं. पण जुलै 2025 मध्ये राज्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांचाच विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडल्याचा व्हिडिओ फिरला. मी खेळत नव्हतो, आलेला गेम बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. कृषी खातं गेलं. क्रीडा खातं मिळालं.

न मागता, न शोधता, थेट सभागृहात गेम पोहोचला! वितरण याला म्हणतात. आणि आम्ही 67 दिवस मोजत बसलोय.

राज्याचं धोरणही आलंय. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, गेमिंग वगैरेंसाठी धोरण मंजूर केलं. तरतूद 3,268 कोटी रुपये, पल्ला 2050 पर्यंतचा. पल्ला लांबचा आहे म्हणून नावं ठेवू नका. तोवर लाखांदुरातले सगळे डाउनलोड पूर्ण झालेले असतील.

मग करायचं काय? स्टीमवर बहिष्कार? जमणार नाही, आणि गरजही नाही. एपिक फार तर 12 टक्के घेतं. 2013 मध्ये निघालेल्या ‘इच डॉट आयओ’वर तर दुकानाचा वाटा किती, हे बनवणाऱ्यानेच ठरवायचं, शून्य ठेवला तरी चालतो. तरीही बनवणारे 30 टक्केवाल्याच्या दारात रांग लावतात. मूर्ख आहेत का? नाही. गिऱ्हाईक तिथे आहे.

गिऱ्हाईक जिथे, तिथे टक्केवारी. बाकी सगळं तंत्रज्ञान.

म्हणून मधल्या माणसाचं नाव घेऊन बोटं मोडण्यात अर्थ नाही. तो होता, आहे, राहील. त्याला एकच प्रश्न विचारायचा: बाबा रे, नुकसान झालं तर तुझं किती? झाडीपट्टीतल्या मंडळाचा अध्यक्ष या प्रश्नाला उत्तर देतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच चौकात चहा प्यायचा असतो. इंटरनेटवरच्या दुकानाला हा प्रश्न ईमेलने धाडला तर काय होतं? या पत्त्यावर उत्तर पाठवू नका, असं उत्तर येतं.

लाखांदूरच्या एखाद्या पोराने उद्या गेम बनवायला घेतला तर खुशाल बनवू द्या. दंडार, मंडई, मामा तलाव, रानडुकरं, विषयांना तोटा नाही. फक्त त्याला ‘आता सगळं थेट असतं’ ही थाप मारू नका. 100 डॉलर सांगा. 30 टक्के सांगा. रोजचे पन्नास प्रतिस्पर्धी सांगा.

एवढं ऐकूनही तो बनवायला बसला, तर त्याचा गेम विकत घ्या. पूर्ण पैसे देऊन. कॉपी मागायला पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या घरी जाल, तर उद्याच्या सभेत दलालांविरुद्ध भाषण करू नका.